पाट्यांपलीकडचा

नगरपालिकेच्या निवडणुकीसाठी कलीबिया या बंदराच्या गावातल्या शाळेच्या भिंतीवर चौकोन आखले होते, उमेदवारांच्या प्रत्येक यादीला एक. सातवा चौकोन सिरीनच्या बाबांच्या यादीचा. समुद्रावरून वारा असा सुटला होता की सिरीनने एका हाताने केस आवरत, दुसऱ्याने कसाबसा बाबांचा फोटो चिकटवला. मागे सरून पाहिलं, तर बाबा आठव्या चौकोनात जाऊन बसलेले.

"वा! निवडून यायच्या आधीच दुसऱ्याच्या जागेवर कब्जा?"

मागे एक तरुण उभा होता. हातात खळीची बादली, काखेत पोस्टरांची गुंडाळी. पोस्टरवरचा चेहरा त्याचाच होता, फक्त प्रत्यक्षात जरा दमलेला. आठव्या यादीचा प्रमुख, भूमितीचा मास्तर नौफल. सिरीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण त्याच्याविरुद्धचं पहिलं पत्रक तिनेच लिहिलं होतं.

"चुकून झालं... वाऱ्यामुळे —"

"आणि 'नवखा, उथळ, बोलघेवडा' हेही वाऱ्यानेच लिहिलं?"

"ते मी लिहिलं," सिरीन म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलं नाही इतकंच.

"कधी भेटलात मला?"

"आत्ता."

"मग उथळ कसं ठरवलंत?"

"पोस्टरवर दात फार दिसतात."

तो हसला, म्हणजे दात पुन्हा दिसले. मग त्याने बादली खाली ठेवली, बाबांचा फोटो अलगद सोडवला आणि सातव्या चौकोनात नीट, कोपरे दाबून लावून दिला. विरोधी उमेदवाराचं पोस्टर इतक्या प्रेमाने लावणारा माणूस सिरीनने पाहिला नव्हता.

"माझ्या सभेला या," तो म्हणाला. "पाय न बघता जोडा शिवू नये. आधी बघा, मग घाला हव्या तेवढ्या शिव्या."

"शिव्या नाहीत. विशेषणं आहेत."

"बरं. विशेषणं घाला."

ती गेली. कोळ्यांच्या गर्दीत, मागे, डोक्याला रुमाल बांधून. बोलघेवडा हा शब्द तिथेच बाद झाला. नौफल बोलायला उभा राहायचा आणि कोणीतरी जाळ्यांचं नाहीतर बर्फाच्या भावाचं रडगाणं सुरू केलं, की स्वतःचं वाक्य अर्ध्यावर सोडून ऐकत बसायचा. ऐकताना भुवई खाजवायची सवय. सिरीन भाषण ऐकायला गेली होती आणि भुवई पाहून परत आली. हे काही बरं लक्षण नव्हतं, आणि ते तिलाही कळत होतं.

दुसऱ्या पत्रकात तिने फक्त 'हट्टी' लिहिलं. दुसऱ्या दिवशी तो बाबांच्या औषधाच्या दुकानात हजर. बाबा मशिदीत गेले होते, गल्ल्यावर तीच होती.

"घशासाठी गोळ्या द्या. आणि हट्टी मान्य आहे."

"बोलघेवडा मागे घेतलं."

"घसा बसल्यावर?" त्याने एक गोळी तोंडात टाकली. "तुमचे बाबा जिंकणार, सिरीन. चांगला माणूस आहे, गाव ओळखतं त्यांना. मी हरलो तर आमच्या डोंगराकडे, कसरीनला बदली मागणार आहे. आई तिथे एकटीच असते. इथे मग... कशासाठी राहायचं?"

शेवटचा प्रश्न त्याने तिच्याकडे बघत विचारला. तिने सुट्टे पैसे पुढे केले.

प्रचाराच्या शेवटच्या संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत बैठक बसली. बाबा, सिरीन, आणि प्रचार सांभाळणारे, मासळीबाजारातले बशीर, ज्यांना सगळे आदराने 'सी बशीर' म्हणत. सी बशीरनी तिचा नवा मजकूर डोळ्यांजवळ धरून वाचला.

"'हट्टी. सरळ. दिलेला शब्द पाळणारा, पण नगरपालिकेच्या कामाला अजून कच्चा.' पोरी, हे विरोधी पत्रक आहे की स्थळ सुचवतेस?"

बाबांनी खोकून घेतलं.

"एकच शब्द टाक," सी बशीर म्हणाले. "पाट्यांपलीकडचा. बस. दुसरं काही लिहूच नकोस."

शहराच्या पाट्या संपतात तिथून पुढचा, डोंगराकडचा, आपल्यातला नसलेला. किनाऱ्यावरची माणसं हा शब्द हसत हसत वापरतात आणि ज्याला लागतो तो जन्मभर विसरत नाही. हा शब्द छापला की नौफल पडणार, यात शंका नव्हती. सिरीनला हेही दिसत होतं, की मग तो बदलीसुद्धा मागणार नाही, तसाच निघून जाईल.

"मी नाही लिहिणार, काका."

"खोटं आहे का?"

"नाही. पण हा शब्द वापरला तर त्याच्याबद्दल काही कळत नाही, आपल्याबद्दल कळतं." तिने पेन बाबांपुढे ठेवलं. "लिहायचंच असेल तर तुम्ही लिहा, बाबा. तुमच्या अक्षरात."

बाबांनी पेनाकडे पाहिलं. निवडणूक त्यांना हवी होती, मनापासून हवी होती. गेला महिनाभर त्यांना धड झोप नव्हती.

"कच्चा आहे हे पुरे," ते अखेर म्हणाले. "तेवढंच छापा."

सी बशीर पाय आपटत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी प्रचारबंदी होती. बंदरावरच्या चहाच्या दुकानात नौफल एकटाच बसला होता. सिरीन सरळ जाऊन समोर बसली. अख्खा कलीबिया बघत होता. तिने बघू दिलं.

"माझ्यासाठी एक शब्द आला होता म्हणे," तो म्हणाला. गावात काही लपत नाही.

"आला होता."

"का नाही वापरलास?"

"अपुरा होता."

पुदिन्याचा चहा आला, वर बदाम तरंगत होते. दोघांनीही पेल्याला हात लावला नाही.

"उद्या मत मी बाबांनाच देणार आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"ते जिंकावेत असंही मला वाटतं."

"तेही माहीत आहे."

"पण..." तिने श्वास घेतला. "तू हरलेला मला चालशील, नौफल. गेलेला नाही चालणार."

त्याने दोनदा भुवई खाजवली. मग खुर्ची जराशी पुढे ओढली.

"तुझ्या बाबांना भेटायला कधी येऊ? निकालाआधी की नंतर?"

"आधीच ये," सिरीन म्हणाली. "एकदा जिंकले, की ते कोणाचं ऐकायचे नाहीत."