स्विचवरचं कुलूप

हे ऐकीव नाही. मी तिथे होते, आणि जे मोजता आलं ते मोजलंय.

रविवारची दुपार. एका कारखान्याचं बंद कॅन्टीन. भांडी धुण्याचं नवं मोठं मशीन बसवायला मी मामाबरोबर गेले होते. भिंतीवर तीन जोडण्या होत्या: गरम पाण्याचा नळ, सांडपाण्याचा पाइप, फक्त मशीनसाठीचा विजेचा स्विच. चौथी वस्तू म्हणजे बंद स्विचवर लटकलेलं... गंजकं कुलूप.

मामा थबकला. “हे कुणाचं?”

“आधीच्या फिटरचं असेल.” मॅनेजरनी मोबाइलमधून मानही वर केली नाही. “कापा.”

“ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं साहेब. मशीनमध्ये हात घातलेला माणूस त्या कुलपाच्या भरवशावर असतो.”

“तो काही आता येत नाही. उद्या तीनशे ताटं तुम्ही घासणार का?”

मामाने नाइलाजाने कटर उचलला.

कट्.

तिथे त्याने स्वतःचं कुलूप लावलं, चावी खिशात टाकली. सांडपाण्याचा नट आवळायला मशीनचं झाकण वर करून आत कोपरापर्यंत हात घातला.

“अहो शास्त्रज्ञबाई,” मामाने मला चिडवलं, “डिग्री ठेवा बाजूला. वायर सोला.”

मी हसत वायर सोलायला घेतली. मशीनची वायर माझ्याच हातात होती. पाण्याची नळीही अजून जोडलेली नव्हती.

फ्रिजची घरघर थांबली...

नळाची टपटप थांबली...

“चिमे, पाना दे—”

झाकण खाली आदळलं.

हाड मोडल्याचा आवाज कोरडा नसतो. ओला असतो.

मामा किंचाळला. आत पाण्याचे फवारे सुटले. फटीतून वाफ आली, मग लाल पाणी. मी आणि मॅनेजर झाकणाला लोंबकळलो. तसूभर हललं नाही. उलट दाबत गेलं... थांबून थांबून... वरून कुणी लाथा घालाव्यात तसं.

“त्याचं कुलूप!” मामा ओरडला. “परत लाव!”

मी कापलेलं कुलूप उचलून स्विचच्या कडीत अडकवलं.

झाकण वर गेलं.

अलगद.

मामाच्या हाताची कातडी मोज्यासारखी उतरली होती.

मॅनेजर मात्र कुलपाकडे बघत होते. चेहरा पांढराफटक.

“हे... हे तर मी तेव्हाच कापलं होतं. स्विच चालू करायला. तो फिटर जुन्या मशीनच्या आत असताना.”

डॉक्टरांनी हात वाचवला. बोटं नाही. मामा अजून झोपेत दचकून खिशातली चावी चाचपतो.

त्याला नेल्यावर मी एकटी आत परत गेले होते. वायरचं टोक मोकळं होतं. नळीचं टोक कोरडं. मशीनच्या तळाशी साचलेल्या पाण्यात मी मामाच्या किटमधला थर्मामीटर बुडवला.

८४ अंश.