बिरूची वाघर

सोयाबीन निघालं की बिरू माझ्या रानात मेंढ्या बसवायचा. वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवती लावायची जाळी, खुंट्यांवर ताणायची आणि रात्रभर कळप त्यात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी वाघर पुढच्या तुकड्यात. असं करत सगळं रान खतावून निघायचं, मग मी हरभरा पेरायचो. बिरू लांबच्या लिंबापासून सुरुवात करायचा आणि घराकडे सरकत यायचा.

आम्ही राजूरच्या शाळेत एका वर्गात होतो. उन्हाळ्यात माझ्या पायात चप्पल नसायची. बिरू अर्ध्या वाटेला त्याची चप्पल मला द्यायचा. म्हणायचा, "घाल रे, माझे पाय मेंढ्यांमागं पक्के झाल्यात." झाले नव्हते. मी त्याचे फोड पाहिले होते.

मागच्या वर्षी माझी बायको आशा गेली. तिला एकटीला राहायची भीती वाटायची. मी रानात गेलो की ती दाराला कडी घालून शेजारी जाऊन बसायची. जालन्याच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी मला आत सोडलं नाही. ती एकटीच गेली. तेव्हापासून डोक्यात एकच. आता ती कुणापाशी असेल?

लोक म्हणायचे, होईल सगळं ठीक. बिरू काही म्हणायचा नाही. यायचा, चूल पेटवायचा, चहा ठेवायचा. एकदाच म्हणाला, "वहिनी एकटी नसंल, तात्या. तिकडं आपली लई माणसं गेल्यात."

या वैशाखात मेंढ्या चारताना तो बाभळीखाली टेकला, तो उठलाच नाही. त्याच्या पोरानं, परमेश्वरनं, कळप विकला आणि तो कारखान्यात लागला.

मला आता कशातच राम वाटत नव्हता. मुलगी मनीषा तीर्थपुरीला असते. ती म्हणाली, "आबा, रान बटईनं द्या अन् इकडं या." मी बरं म्हणालो. शेजारच्या भुजंगला रान निम्म्या वाट्यानं द्यायचं ठरलं.

सोयाबीन निघाल्यावर एका सकाळी तोच हसत आला.

"तात्या, रान मला द्यायचं म्हन्ले, अन् मेंढ्या कुनाच्या बसवल्या? फुकटचं खत दिऊन राह्यले की काय?"

"मी कुठं बसवल्या?"

"मंग चला, दाखवतो."

लिंबाखालचा चौकोनी तुकडा तुडवलेला होता. लेंड्या पडल्या होत्या, मुताचा वास येत होता. चारी कडांना खुंट्यांची भोकं होती. मी रात्री अंगणात बाजेवर झोपलो होतो. एकही मेंढी ओरडली नव्हती. कुत्रं भुंकलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी पुढचा तुकडा तुडवलेला होता. मग त्याच्या पुढचा.

मी परमेश्वरला बोलावून घेतलं. तो खाली बसला. एक लेंडी उचलून त्यानं बोटांनी फोडली. ती ताजी होती.

"काका, ह्यात बाभळीच्या शेंगांचं बी हाय."

"असंल की."

"आत्ता कुठं आल्या शेंगा? त्या उन्हाळ्यात." त्यानं पँटला हात पुसले. पुन्हा पुसले. "मी निघतो. ड्युटी हाय."

"चहा तरी घे."

"नगं, काका."

भुजंगची मस्करीही बंद झाली. तो धुऱ्यावरूनच, बांधावर उभा राहून बोलायला लागला, रानात पाय ठेवायचा नाही. एक दिवस म्हणाला, "तात्या, ज्याच्या कुनाच्या असतील, त्याला जेवायला दिलं का?"

मी चपापलो. मेंढ्या बसल्या की धनगराचं संध्याकाळचं जेवण शेतकऱ्याकडे असतं. आशा असताना ते कधी चुकलं नाही. आता मी बिरूला इतके दिवस उपाशी ठेवलं होतं.

दिवस मावळायला मी भाकरी थापल्या. जाड झाल्या, करपल्या. त्यावर ठेचा ठेवला, ताट फडक्यात बांधलं आणि अजून न तुडवलेल्या तुकड्यात नेऊन ठेवलं. थोडा वेळ तिथं बसलो. वारा नव्हता. लोकरीचा वास मात्र येत होता.

दुसऱ्या कुणाला विचारता येत नव्हतं, ते मी विचारलं.

"बिरू, आशा भेटली का रे?"

काही झालं नाही. मी घरी आलो आणि पडलो.

सकाळी खुंट्यांची भोकं अंगणाच्या कडेला होती. तिथंच तीन दगड मांडलेले. मधे राख. ताट त्या राखेनं लख्ख घासून पालथं ठेवलेलं. माझ्या भाकरी कुठं नव्हत्या.

ताटाशेजारी फडकं होतं. त्याला गाठ मारलेली होती.

मी ती सोडली. आत एक भाकरी होती.

पातळ, फुगलेली.

आशाची करंगळी लहानपणी मोडली होती. ती सरळ व्हायची नाही. भाकरी थापताना काठाला त्या जागी एक खाच राहायची.

मी भाकरी फिरवून बघितली.

खाच होती.

मी तिथंच खाली बसलो.

ऊन वर आल्यावर मनीषाचा फोन आला.

"आबा, कव्हा निघता?"

"येत न्हाई, बाई."

"जेवलात का?"

"जेवलो."

"शिळंपाकंच खाल्लं असंल."

"न्हाई," मी म्हणालो. "गरम होती."