संगणकाच्या पोटात संगणक

"कशाला हवंय तुम्हाला हे?"

या चार शब्दांनी फेन्नाचा अख्खा आठवडा नासवला होता. शनिवारच्या सकाळी, ग्रोनिंगेन या डच शहरात तोंडावर येणाऱ्या वाऱ्यात सायकल रेटताना ती मनातल्या मनात त्यांनाच उत्तरं देत होती. सायकलच्या पुढच्या पेटीत एका बाजूला अडीच वर्षांची मिर्टे पट्ट्याने बांधलेली, आणि दुसऱ्या बाजूला मिर्टेच्याच दुलईत गुंडाळलेला संगणक. पावसाची भुरभुर चालूच होती, आणि दोघांवर मिळून प्लास्टिकचं एकच छत होतं.

वस्तीच्या सभागृहात दर शनिवारी दुरुस्तीवाले बसत. टोस्टर, दिवे, शिवणयंत्रं, सगळं फुकट. अट एकच होती. वस्तू टाकून निघून जायचं नाही, दुरुस्ती होईपर्यंत समोर बसून राहायचं.

संगणकाच्या टेबलामागचा माणूस चांगलाच उंच होता. स्वेटरच्या कोपराला भलत्याच रंगाचं ठिगळ लावलेलं.

"मी डाउवे. काय होतंय याला?"

"मला या संगणकाच्या आत दुसरा, नुसता सॉफ्टवेअरचा संगणक चालवायचाय, आणि त्याच्याही आत आणखी एक. पहिला रडतखडत चालतो. त्याच्या पोटातला उठतच नाही." फेन्नाने श्वास घेतला. "आणि कशाला हवंय असं कृपा करून विचारू नका! इंटरनेटच्या मंचावर मी साधा सरळ प्रश्न टाकला होता... एवढ्यासाठी कुठला प्रोसेसर घेऊ? तर टिटवी नावाचा कुणी दीडशहाणा म्हणतो, कशाला हवंय तुम्हाला हे, इंटरनेटवरचे संगणक भाड्याने घ्या की!"

त्याचा हातातला पेचकस थांबला. कान लाल झाले.

"ते... मीच."

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. हा बसला नाही, याचाच तिला जास्त राग आला. आता मनातल्या मनात भांडायचीसुद्धा सोय उरली नव्हती!

"तुम्ही?"

"मीच टिटवी. आणि तुम्ही मला उत्तर दिलंत, 'मला बालवाडीतले धडे शिकवू नका.' एकतीस जणांना आवडलं ते. मोजलेत मी."

"कमीच आवडलं म्हणायचं!"

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती. फेन्नाने ती पाहिली आणि ताबडतोब दुसरीकडे बघितलं.

"बरं, मग आता तोंडावर विचारतो," तो म्हणाला. "कशाला हवंय?"

"जलमंडळात नोकरी हवीय म्हणून! पुढच्या शुक्रवारी नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी चाचणी आहे. घरच्या एका संगणकावर पंपघरांचं जाळं उभं करायचं. प्रत्येक पंपघर म्हणजे एक संगणक, त्याच्या आत त्याचे छोटे संगणक. बाहेरचं काही वापरायचं नाही. अडीच वर्षं मी घरी आहे, डाउवे. ही संधी गेली तर पुढची कधी येईल, कुणास ठाऊक."

तो कव्हर उघडायला लागला. मिर्टे टेबलाशी येऊन उभी राहिली तशी फेन्नाची नजर एकदम स्क्रूंकडे गेली. एवढेसे, चमकणारे, गिळायला अगदी सोपे... ती उठणार, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की स्क्रू टेबलावर नाहीतच. प्रत्येक स्क्रू काढला की तो ज्येष्ठमधाच्या गोळ्यांच्या डबीत टाकत होता, झाकण लावत होता आणि डबी उंच फळीवर ठेवत होता. कुणी न सांगता.

फेन्ना पुन्हा खाली बसली. राग होता तिथेच होता, पण आता जरा अंग चोरून बसला होता.

"इथेच गोम आहे," डाउवे म्हणाला. "तुमच्या प्रोसेसरमध्ये चोवीस कोअर, चोवीस राबणारे हात आहेत खरे, पण आठ मोठे आणि सोळा छोटे. आतला संगणक छोट्यांच्या वाट्याला गेला की रखडतो. हा दुकानाला परत करा, मुदत अजून संपली नसेल. सगळे सारखे असलेले आठ कोअर घ्या. त्याला लागेल तो मदरबोर्ड माझ्याकडे पडून आहे, गुरुवारी घेऊन येतो."

"नक्की?"

"सहा वर्षं लोकांना हेच सांगतोय."

आणि तिने ऐकलं! कधीही कुणाचं न ऐकणाऱ्या फेन्नाने एका खळीपायी, एका डबीपायी ऐकलं.

गुरुवारी तो आला. बूट दाराशी काढले, मिर्टेशी औपचारिकपणे हात मिळवला. फेन्नाने कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं. तिच्या आईकडे, आजीकडे, सगळ्या घरांत तीच रीत होती. एका कपाला एक. डाउवेही तशाच घरातला. त्याने ते बिस्किट चार घासांत पुरवून खाल्लं.

नवा प्रोसेसर बसला. पंखा फिरला. पहिला संगणक रडतखडत उठला. आणि आतला...

उठलाच नाही.

"शक्यच नाही," डाउवे पुटपुटला. मग तो फरशीवर मांडी घालून बसला आणि तिसऱ्याच एका प्रोसेसरबद्दल बोलायला लागला. सोळा कोअर, सगळे सारखे, मेमरी दुप्पट...

चाचणीला आठ दिवस राहिले होते, आणि हा माणूस अजून कोअर मोजतोय! फेन्नाने मदरबोर्डचं माहितीपुस्तक ओढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर वाचतात तसं, एकही ओळ न सोडता. अठ्ठेचाळिसाव्या पानावर ती थांबली. संगणक बंद केला, चालू करता करता एक कळ दाबून धरली, सुरुवातीच्या सेटिंगच्या यादीत शिरली. एक ओळ होती. संगणकाच्या आत संगणक चालवण्याची परवानगी. तिच्यासमोर लिहिलेलं : बंद.

तिने ती चालू केली.

पहिला संगणक ताडकन उठला. त्याच्या आतला उठला. त्याच्याही आतला उठला... आणि मिर्टेने टाळ्या वाजवल्या, कारण पडद्यावर एकात एक तीन चौकटी उमटल्या होत्या.

डाउवे बघतच राहिला. फेन्नाच्या मनात मात्र भलतंच काही उजाडत होतं.

"म्हणजे... माझ्या पहिल्या बोर्डवरही हे बंदच असणार."

"हो. कारखान्यातून बहुधा तसेच येतात."

"म्हणजे माझा पहिला प्रोसेसर चाललाच असता!"

"तसा... हो."

"तुम्ही बघितलं का नाही? सगळ्यात आधी बघायची गोष्ट ही!"

"तुम्ही लिहिलं होतंत, बालवाडीतले धडे नकोत. ही परवानगी चालू केलीत का, असं विचारलं असतं तर तुम्ही मला कच्चा खाल्ला असता!"

"म्हणून मला घाबरून तुम्ही माझे पाच दिवस खाल्लेत?"

"मी गृहीत धरलं, तुम्ही बघितलं असेल."

"मी गृहीत धरलं, तुम्ही बघाल!"

खरं तर तिथेच हसू फुटायचं, फुटतही होतं... पण डाउवेने घोळ घातला. तो म्हणाला, "तरीपण, आठ सारखे कोअर केव्हाही चांगले."

"बाहेर," फेन्ना म्हणाली.

"अहो, पण..."

"बूट घाला आणि बाहेर व्हा!"

तो गेला. पेचकस फरशीवर राहिला. ती दारामागे उभी राहून त्याची सायकल वळेपर्यंत चाकांचा आवाज ऐकत राहिली, आणि आपण ऐकतोय म्हणून आणखीच चिडली.

दुसऱ्या दिवशी मंचावर टिटवीचं लिखाण झळकलं.

"मी चुकलो. सहा वर्षं लोकांना प्रोसेसर बदलायला सांगितलं. कोअर मोजण्याआधी परवानगीची ती एक ओळ बघा. हे मला एका बाईंनी अठ्ठेचाळिसाव्या पानावर बोट ठेवून शिकवलं. 'कशाला हवंय' असं मी त्यांना विचारलं होतं, पण उत्तर ऐकायला थांबलो नव्हतो."

टिटवी चुकते, हे तिथे कुणी कधी वाचलं नव्हतं. चारशे जणांनी दाद दिली. फेन्नाने ते तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा तिचा पारा पुन्हा चढला. साऱ्या देशाची माफी मागतोस, आणि माझ्या दारावरची घंटा वाजवायला बोट उचलत नाहीस?

त्या शनिवारी ती सभागृहाकडे फिरकली नाही. मिर्टे झोपली की पंपघरं उभी करायची, मिर्टे उठली की खीर करायची, असा तो आठवडा गेला.

चाचणी झाली. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. ती डाउवेच्या टेबलासमोर येऊन बसली आणि पेचकस ठक्कन मधे ठेवला.

"चाचणी...?" त्याने श्वास रोखून विचारलं.

"एकोणीस पंपघरं. एकही अडलं नाही. एक तारखेला रुजू व्हायचंय."

त्याचा चेहरा असा उजळला, जणू नोकरी त्यालाच लागली. मग ओठांवर काहीतरी आलं.

"आठ कोअरबद्दल एक शब्द काढलात," फेन्ना म्हणाली, "तर पेचकस परत नेईन."

"नाही काढत." त्याने पेचकस हातात घेतला, उगाच फिरवला. "तुमच्या दारावरची घंटा वाजवायला आलो होतो. दोनदा. तुमची चाचणी होऊ दे म्हटलं, आणि परत गेलो."

"गृहीत धरलंत."

"पुन्हा... हो." त्याचे कान लाल झाले. "उद्या मी समुद्रकाठी तळलेली मासळी खायला जाणार आहे. तुम्ही आणि मिर्टे... याल?"

फेन्नाने हाताची घडी घातली. आठवडे न् आठवडे घोळवलेले चार शब्द आता कुठे तिच्या हक्काचे झाले होते.

"कशाला हवंय तुम्हाला हे?"

त्याने समोरच्या उघड्या संगणकाचा एक स्क्रू काढून डबीत टाकला, झाकण लावलं, डबी फळीवर ठेवली.

"कारण तुम्ही मला बाहेर काढलंत तेव्हापासून मी मंचावर कुणालाच सल्ला दिलेला नाही," तो म्हणाला. "दर वेळी वाटतं, आधी तुम्हाला विचारावं. आणि दर वेळी वाटतं... तुम्ही रागवाल. तेही मला हवंय."

फेन्नाने पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला आणि उघडून त्याच्यापुढे धरला.

त्याने एक घेतलं. आणि झाकण लागायची वाट बघत राहिला.

झाकण लागलं नाही.

"बघतोस काय असा?" फेन्ना वैतागून म्हणाली. "अजून एक घे."