शेवटच्या स्वरावरील खूण

बहरीनच्या अमवाज बेटांवरच्या त्या बंद घरी मी दुपारी गेलो, तो स्वरलिपीची पाने आवरण्यासाठी. घर रॉजर थॉर्नबी यांचे. इंग्लंडमध्ये चाळीस वर्षे वाद्यवृंदांचे संचालन करून ते बहरीनला आले आणि आम्हा कारकून, परिचारिका, वेल्डर यांचा वृंद त्यांनी उभा केला. महिन्यापूर्वी ते वारले. मी वृंदाचा ग्रंथपाल. भाड्याने आणलेल्या स्वरलिपी परत पाठवण्यापूर्वी त्यांवरच्या पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या, हा आमचा शिरस्ता.

वीज तोडलेली होती. कोंदट उष्म्यात दमट कागदाचा वास साचला होता.

"शिवदासभाऊ, यल्ला, चला आता!" व्हॅनवाला खिजर दारातून म्हणाला. रत्नागिरीचा तो; वृंदात नगारे वाजवी. "साहेब गेले, तरी तुमचं खोडणं काय सुटत नाही. भाभींकडे जायचंय ना?"

"एकच पान उरलंय."

ते पान माझ्या पत्नीचे, इरावतीचे होते. ती फ्लूट वाजवी. अकरा दिवस ती रुग्णालयात बेशुद्ध होती. यंत्राविना तिचा श्वास चालतो का, हे डॉक्टर आज पाहणार होते.

शेवटच्या स्वरावर निळ्या पेन्सिलीची कमान होती, खाली टिंब. अर्थ असा, की संचालकाचा हात खाली येईपर्यंत स्वर सोडायचा नाही. या लांबवलेल्या अंत्यस्वरांसाठीच थॉर्नबी ख्यातनाम होते. त्यांच्या अखेरच्या मैफलीत तो स्वर फुंकता फुंकता इरावतीचा चेहरा पांढराफटक पडला, तरी त्यांचा हात वरच राहिला होता.

मी खूण खोडली.

फोन वाजला. परिचारिका तय्यबा, महाडची.

"दादा... यंत्र काढलं... श्वास थांबलाय..."

मी पेन्सिल उचलली आणि ती कमान पुन्हा काढली. हात माझा होता. वळण माझे नव्हते.

"दादा... आला. आला श्वास!"

खिजर भिंतीला टेकून रडू लागला. मी मात्र पानाकडे पाहत राहिलो.

याला तीन आठवडे झाले. खूण खोडण्याचे धैर्य मला नाही, आणि हात खाली आणणारा आता कोणी उरलेला नाही. डॉक्टर माझ्याशी बोलणे टाळतात. काल तय्यबाने मला खोलीबाहेर नेले.

"दादा, कुणाला सांगू नका... मी तासभर वहिनींच्या नाकाशी बोट धरून बसले होते." तिचा आवाज खाली गेला. "श्वास सुटतोय... नुसता सुटतोच आहे. घेताना मी त्यांना एकदाही पाहिलं नाही."