लग्न झालेला बँजो

"माफ करा, पण याचं लग्न झालेलं आहे."

टेबलापलीकडच्या तरुणाचं हे बोलणं ऐकून रोवीना पेटिफोर्डने मागे वळून पाहिलं. मागे पंचाहत्तरीचे मिस्टर हॅवरस्टिक उभे होते.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्यांची बायको तिकडे डोनट खातेय. आणि मी त्यांच्याकडे तसल्या नजरेने बघतही नव्हते."

समोरचा तरुण कानांपर्यंत लाल झाला. "त्यांचं नाही… तुमच्या बँजोचं."

स्टँटनच्या हॉटेलातल्या त्या मेळाव्यात जुन्या बँजोंचे संग्राहक आणि अभ्यासक जमले होते, आणि त्या जगात लग्न ही शिवी आहे. एका बँजोची दांडी आणि दुसऱ्याचा घेर – म्हणजे कातडं ताणून बसवतात तो गोल – कुणी एकत्र जोडले की ते वाद्य 'लग्न झालेलं'. मग त्याला टेबलावर जागा मिळते, मान मिळत नाही. वाद्य जन्मल्यापासून एकटं असावं आणि कुणी फारसा हात लावलेला नसावा, असा या मंडळींचा आग्रह. यातल्या बहुतेकांची स्वतःची दोन-दोन लग्नं झालेली आहेत. आग्रह कदाचित त्यातूनच आला असेल.

रोवीनाचा बँजो मात्र तिच्या पणजोबांनी, नॉर्थ कॅरोलायनातल्या एल्बर्ट पेटिफोर्ड या लोहाराने, दांडीपासून खुंट्यांपर्यंत एकट्याने घडवला होता. हे पेटिफोर्डांच्या घरातलं प्रत्येक मूल बोलायला लागायच्या आधीपासून ऐकत आलेलं. दुपारी तीनला ती यावरच भाषण देणार होती, आणि पहिल्या रांगेत चर्चचा सूट घालून डॅडी बसणार होते – निवृत्त बँडमास्तर, खास गाडी हाकत आलेले.

"तुम्ही कोण?" तिने असं विचारलं, की उत्तर देणाऱ्याने आधी वकील शोधावा.

"अ‍ॅन्सेल क्राउस. पेनसिल्व्हेनिया. संग्रहालयांची जुनी वाद्यं दुरुस्त करतो."

"मी चार वर्षं या बँजोवर काम करतेय, मिस्टर क्राउस. तुम्ही चार मिनिटं पाहिलात."

"दोनच… उरलेली दोन मी बँजोकडे बघत नव्हतो."

रोवीनाने चिडायचं पक्कं ठरवलं होतं. ओठांच्या कोपऱ्यांनी ऐन वेळी फितुरी केली.

बाहेर पाऊस लागला होता. पावसात कातडं सैल पडतं, त्यामुळे दालनातले सगळे बँजो सर्दी झाल्यासारखे घोगरे बोलत होते आणि त्यांचे मालक काळजीत होते. ही मंडळी जेवायला गेली तेव्हा रोवीना आणि अ‍ॅन्सेल कोट ठेवायच्या खोलीत बसले. बँजो दोघांच्या मधे.

"उघडू?" त्याने विचारलं.

"उघडा. पण खोटे निघालात तर बाहेर कोटाशिवाय जाल."

झोपलेल्या मुलाच्या पायांतले मोजे काढावेत तशा त्याने तारा उतरवल्या. दांडी घेरातून सुटली… आणि सांगण्यासारखं काही उरलंच नाही. घेर चाकूने तासलेला, एकेक घाव उघडा. दांडी गुळगुळीत, कारखान्यात कापलेली. घेराचं भोक तिच्यासाठी कोरून कोरून मोठं केलेलं.

रोवीनाने त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"मी कुणाला सांगणार नाही," अ‍ॅन्सेल म्हणाला. "हॅवरस्टिकना दोन चष्मे लावूनही दिसायचं नाही."

"मग सकाळी का बोललात?"

"तुमच्याशी बोलायला काहीतरी निमित्त हवं होतं."

"साधं 'हॅलो' सुचलं नाही?"

"तुम्हाला बघितल्यावर… नाही."

तिने उत्तर द्यायचं टाळून दांडी हातात घेतली. तारांखालच्या बाजूला बोटांनी झिजून बारीक खळगे पडले होते. अ‍ॅन्सेलने आपली बोटं ठेवून पाहिली, मावली नाहीत. मग तिने ठेवली – पहिलं, दुसरं, तिसरं – आणि ती तिथेच वाढल्यासारखी बसली. आधाराला म्हणून त्याचा हात दांडीखाली होता, तो राहून गेला. काढायची आठवण दोघांनीही केली नाही.

"पणजोबांचे हात फावड्याएवढे होते," ती हळूच म्हणाली. "मग हे… कुणाचे?"

तीन वाजता रोवीना उभी राहिली. जोडलेला बँजो टेबलावर, भाषणाचे कागद त्याच्या शेजारी पालथे. समोर डॅडी टाय सारखा करत होते. ती त्या टायकडेच बघून बोलली; वर बघायचा धीर होईना.

"घेर एल्बर्ट पेटिफोर्ड यांनी केला. दांडी त्यांची नाही. ती त्याआधी कुणीतरी लहान हातांच्या माणसाने वर्षानुवर्षं वाजवली आहे. ते कोण, मला माहीत नाही. आमच्या घरात सांगतात ते… अर्धंच खरं आहे."

"म्हणजे लग्न झालेला!" हॅवरस्टिक विजयी मुद्रेने ओरडले.

"हो, मिस्टर हॅवरस्टिक. तुमच्यासारखाच."

सगळ्यांत मोठ्याने मिसेस हॅवरस्टिक हसल्या. तेवढ्यात डॅडी उठले. आता ते निघून जाणार, असं रोवीनाला वाटलं. डॅडींनी कोटाचं बटण लावलं आणि बँडला दम द्यावा तसं सभागृहाकडे पाहिलं.

"ती दांडी हेस्टरची. माझी आजी. बँजो ती वाजवायची. एल्बर्टना सूर आणि शिंक यांतला फरक कळत नसे. हेस्टरच्या बापाच्या घराला आग लागली, तिच्या बँजोचा घेर जळाला. दांडी तेवढी तिने ओढून काढली. त्या हिवाळ्यात एल्बर्टनी नवा घेर करून नेला. लोहाराने केलेलं लाकूडकाम, ते तुम्ही बघताच आहात. ती म्हणाली, 'ओबडधोबड आहे, पण राहू दे.' मग माणूसही राहिला."

"डॅडी! मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारायचीस, पणजोबांनी बँजो कसा केला. तसा सांगितला. कुणासाठी केला, हे कुठे विचारलंस?"

रोवीनाने मान खाली घातली. चार वर्षांत हेस्टरचं नाव तिने फक्त थडग्यावर वाचलं होतं.

"वाजव," डॅडी म्हणाले.

तिने तार छेडली. कातडं पावसाने सुस्तावलेलं. सूर घशातच राहिला. तेव्हा अ‍ॅन्सेल पुढे आला. त्याने तळवे एकमेकांवर चोळले आणि उघडे हात कातड्यावर ठेवून तसाच उभा राहिला. संग्राहकांच्या रांगेत कुणीतरी 'हातमोजे!' असं कुजबुजलं. हातांच्या उबेने हळूहळू कातडं ताणलं, आणि रोवीनाची बोटं हेस्टरच्या खळग्यांतून चालू लागली.

संध्याकाळी अ‍ॅन्सेल पिशवी घेऊन हॉटेलच्या दारात उभा होता. त्याला उत्तरेची आगगाडी पकडायची होती. रोवीना त्याच्यासमोर पायरीवर, पावसातच उभी. "स्टेशनवर सोडतो," म्हणून डॅडी गाडी काढायला गेले.

"मला सकाळी म्हणायचं होतं की…"

"वाद्य सुंदर आहे?"

"नाही. म्हणजे आहे. पण…"

"क्राउस, वाक्य पुरं कर. मी भिजतेय."

"मला पेनसिल्व्हेनियाला जायचं नाहीये."

"मग कुठे?"

"तू जाशील तिकडे… चालेल?"

रोवीनाने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि तोवर दारात आलेल्या डॅडींच्या गाडीत टाकली.

डॅडींनी काच खाली केली. त्यांच्या कानांना निवृत्ती नव्हती. "उद्या रविवार. आमच्याकडे कोंबडी तळतात आणि त्याआधी चर्च असतं. नुसत्या कोंबडीसाठी मी कुणाला नेत नाही."

"दोन्ही चालेल, सर."

अ‍ॅन्सेल मागे बसला. रोवीनाने पुढचं दार उघडलं, डॅडींच्या शेजारच्या जागेवर बँजोची पेटी ठेवली, तिला पट्टा लावला, आणि स्वतः मागे जाऊन बसली.

"मी काय टॅक्सीवाला आहे?" डॅडी म्हणाले, आणि त्यांनी गाडी स्टेशनच्या उलट दिशेला वळवली.