फिर, बाई

अणूला हुकूम देणे हा मानवी बुद्धीचा सर्वोच्च विजय आहे. आमच्या तेलगावच्या कॉलेजात मात्र हुकूम द्यायचा हक्क एकट्या संस्थेच्या अध्यक्षांना, रामकिसन अण्णांना आहे.

आमची प्रयोगशाळा उसाच्या फडाला लागून आहे. आत हवा काढलेल्या डब्यात एकच अणू अधांतरी धरलेला, पडद्यावर त्याचा ठिपका. निळा लेझर तो अणू नुसता दाखवतो. तांबडा त्याला फिरवतो: मोजून एक झोत मारला की ठिपका विझतो, पुन्हा मारला की पेटतो. हे सगळं वर्षाराणी मॅडमनी उभं केलं. बटण दाबताना त्या पुटपुटायच्या, "फिर, बाई." त्यांची आई धार काढताना म्हशीला असंच म्हणायची.

मॅडमची नेमणूक हंगामी. तपासणी समितीला प्रयोग दिसला तर कायम करू, असा अण्णांचा शब्द होता. समिती यायच्या सकाळीच अण्णांचा भाचा म्हाळू तांबडा लेझर उचलून निघाला. अण्णांचा वाढदिवस होता, डीजेवर लावायला हवा होता.

"अरे, हा नाचायचा लेझर नाही!"

"लेझर तो लेझर, सर. कावून तापायलात?"

समिती आली. सोबत हार घातलेले अण्णा. मॅडम पडद्यासमोर बसल्या. "संपलं माझं, सर," एवढंच मला म्हणाल्या. सवयीनं बोट बटणावर गेलं.

"फिर, बाई."

ठिपका विझला.

तांबड्याच्या जागी फक्त स्क्रूची भोकं होती. मी योगायोग म्हटलं. त्या पुन्हा म्हणाल्या. पेटला. पुन्हा. विझला. बंद खोलीत गोठ्याचा वास आला. समितीनं टाळ्या वाजवल्या.

अण्णा लई खूश. "म्हंजे लेझर लागतच न्हाई! अन् नुसत्या तोंडानं फिरतंय, तर डॉक्टर बाई कशाला पोसायची? आमचा म्हाळू म्हणंल की!"

अण्णांनाच त्या डब्यात टांगावं असं वाटलं. आत हवा नसते, भाषण होत नाही.

मॅडमनी पर्स उचलली आणि त्या फाटकाकडे निघाल्या. मी खिडकीतून बघत होतो.

म्हाळू खुर्चीत रेलला. "फिर, बाई."

ठिपका हलला नाही.

फाटकापाशी मॅडम गर्रकन वळल्या.

खिडकी बंद होती. रस्त्यावर डीजे दणाणत होता. त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"फिर, बाई."

त्यांची खिडकीकडे पाठ झाली.

"फिर, बाई."

तोंड झालं. त्या माझ्याकडे बघत होत्या. चपलांची टोकं मात्र रस्त्याकडेच होती.

"बंद कर बे!"

"थांबा की सर, सवय करायलोय."

म्हाळूची कायम नेमणुकीची ऑर्डर निघाली. कामाची वेळ दहा ते पाच.