मर्वकडे राहिलेला पूल

२०१८ सालचा डिसेंबर. नाताळच्या आधीचा शुक्रवार. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलचा उन्हाळा अंगाला चिकटत होता आणि गावातल्या प्रत्येकाला आपला पोहायचा पूल त्याच दिवशी चकाचक हवा होता.

बसा. ब्रोडी, तो फोन ठेव. आज दुपारी तुमच्यातल्या कुणीतरी क्लोरीनच्या गोळ्यांच्या बादलीतलं माप तसंच दाणेदार क्लोरीनमध्ये घातलं. ही दोन क्लोरीनं एकत्र आली आणि ओल लागली, की भडका उडतो. कोण, ते मी विचारत नाही. क्लेमचं काय झालं ते सांगतो. क्लेम खोटं बोलणारा माणूस नव्हता. हे त्याने मला सांगितलं तेव्हा समोरच्या बिअरला हातही लावला नव्हता.

क्लेम आणि मर्व आपल्याच, पूल साफ करायच्या धंद्यातले. मर्वचा पाय मोडला होता तेव्हा नऊ आठवडे त्याचे सगळे पूल क्लेमने केले. पाय बरा झाल्यावर सगळी गिऱ्हाइकं परत दिली, एक ठेवलं नाही. आपल्यात हीच रीत आहे. मर्व पैसे द्यायला गेला, तर क्लेमने त्याला शिव्या घातल्या. मग मर्व म्हणाला, "बरं. माझ्याकडे तुझा एक पूल राहिला. करून देईन."

तो राहूनच गेला. त्याच २०१८ सालच्या मार्चमध्ये मर्व हारग्रीव्ह नावाच्या गिऱ्हाइकाच्या पंपाच्या खोलीत मेला. क्लोरीनचा भडका उडाला. हारग्रीव्ह गावभर सांगत सुटला, "म्हातारा पिऊन आला होता. काय कशात मिसळतोय, त्याचं त्याला कळलं नाही."

मर्व! उभ्या जन्मात ज्याने दोन क्लोरीनना एक माप लावलं नाही, तो मर्व! लोकांनी खरं मानलं. त्याच्या बायकोला दुकानात जायची चोरी झाली.

"मग क्लेम त्या हारग्रीव्हच्या घरी गेलाच कशाला, बॉस?"

मध्ये बोलू नकोस, टेला. दुसरं कुणी जाईना, म्हणून गेला. आणि त्याला ती खोली बघायची होती.

नाताळच्या आधीच्या त्या शुक्रवारी पोचला तेव्हा सूर्य बुडत होता. पुलाच्या भिंती शेवाळाने हिरव्यागार. हारग्रीव्ह व्हरांड्यात, हातात ग्लास.

"उद्या चाळीस माणसं येणारेत," तो म्हणाला. "आणि हे बघ, तुझ्या त्या दोस्तासारखा घोळ घालू नकोस. मला ती खोली पुन्हा रंगवायची नाहीये."

क्लेमची मूठ वळली. रागात माणूस चुकतो. तोही चुकला. माप धुतलं आणि न पुसता, ओलंच घेऊन खोलीकडे निघाला.

दार उघडेना.

कुलूप नव्हतं. त्याने खांदा लावला. दार दोन बोटं आत गेलं... आणि परत बाहेर आलं. आतून कुणी पाठ लावून बसावं, तसं.

मागे पूल घासायच्या ब्रशचा आवाज आला.

लांब. सावकाश. भिंतीवरून खाली. मग काठावर... टक. टक.

ब्रश असा दोनदा आपटायची सवय एकाच माणसाला होती.

क्लेम वळला. काठावर कुणी नव्हतं. भिंतीवरचा एक हिरवा पट्टा खरवडून निघत होता. खाली पांढरी फरशी. मग शेजारचा पट्टा. टक. टक.

ब्रश पूर्ण फेरा फिरला. मग थांबला. बेडूकसुद्धा गप्प...

दार आपोआप उघडलं.

क्लेमने दिवा लावला. दाणेदार क्लोरीनची बादली उघडी. तिच्यासमोर कोरड्या सिमेंटवर पांढऱ्या गोळ्या मांडलेल्या. एकेक करून वेचून काढलेल्या. प्रत्येकीवर दाण्यांची भुकटी. त्या बादलीत त्याचं ओलं माप गेलं असतं, तर क्लेम आज जिवंत नसता.

"हारग्रीव्ह! इकडे ये!"

हारग्रीव्ह आला. बघितलं.

"उरल्या होत्या थोड्या," तो म्हणाला. "मीच टाकल्या यात. क्लोरीन ते क्लोरीनच ना? मागच्या वेळीही मी..."

"मागच्या वेळीही काय?"

हारग्रीव्ह दाराकडे सरकला.

"फोन काढ," क्लेम म्हणाला. "मर्वच्या बायकोला लाव. आत्ता. माझ्यासमोर. काय केलंस ते तुझ्या तोंडाने सांग."

हारग्रीव्हने सांगितलं. सगळं. क्लेम त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता.

मग क्लेम निघाला. त्याचा स्वतःचा ब्रश गाडीवर बांधलेला, ठणठणीत कोरडा. पण कुंपणाच्या हुकावर दुसराच एक ब्रश टांगला होता. केसांत शेवाळ. पाणी ठिबकत होतं. दांड्याच्या मुठीला निळी चिकटपट्टी. मर्वची. तो दांडा मार्चमध्ये मर्वबरोबर जळाला होता.

क्लेमचा एक पूल मर्वकडे राहिला होता. तो फिटला.